ऑर्थोतली पीए आणि 'सर्जरी'चा पेपर

प्रश्न वरवर पाहता अर्ध्या मिनिटाचा होता. साल २०१५. न्यू जर्सीतल्या एका ऑर्थोपेडिक ग्रुपमध्ये नोकरी करणारी पीए, म्हणजे फिजिशियन असिस्टंट. तिच्या प्रमाणपत्राची सहा वर्षांची मुदत ३१ डिसेंबरला संपत होती. त्याआधी पॅनरी, म्हणजे प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाची परीक्षा, पास होणं भाग होतं. ऑनलाइन अर्जात विचारलं होतं की पेपर कोणता हवा: प्रायमरी केअर (लहान-मोठ्या सगळ्यांचे रोजचे आजार), ॲडल्ट मेडिसिन (मोठ्या माणसांचे आजार) की सर्जरी?

ती आठवड्यातले तीन दिवस ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, उभी असते. गुडघे आणि खुबे बदलायच्या ऑपरेशनला सर्जनच्या समोरच्या बाजूला असते, शेवटचे टाके तीच घालते. त्यामुळे तिने 'सर्जरी' मनात पक्कं करून टाकलं होतं आणि मला फोन केला तो फक्त पुस्तकाबद्दल विचारायला.

"दादा, सर्जरीच्या पॅनरीसाठी कुठलं पुस्तक घेऊ?"

"सर्जरीच का?"

"म्हणजे काय! मी सर्जरीतच आहे की."

तिचं नाव-गाव देत नाही, त्याची गरजही नाही. तिला पडलेला प्रश्न त्या काळात ओटीत काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पीएला पडायचा आणि बहुतेक जण तो तिच्यासारखाच सोडवायचे: मी ज्या विभागात, तो माझा पेपर. तिच्या बाबतीत हे गणित का चुकत होतं, हे नीट उलगडून पाहण्यासारखं आहे.

पीए म्हणजे कोण, हे आपल्याकडे अजून सांगावं लागतं, म्हणून थोडक्यात. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलातून वैद्यकीय सेवा करून आलेल्या चौघांना घेऊन पहिला वर्ग सुरू केला. डॉक्टर कमी पडत होते, आणि युद्धकाळात जखमी सांभाळलेली ही माणसं घरी परतल्यावर त्यांच्या अनुभवाला विचारणारं कोणी नव्हतं. आज पीए होण्यासाठी पदवीनंतर साधारण सव्वादोन-अडीच वर्षांचा मास्टर्सचा अभ्यासक्रम असतो. पीए रुग्ण तपासतो, तपासण्या लिहितो, औषधं देतो, ऑपरेशनला मदत करतो. भारतात असा पहिला अभ्यासक्रम १९९२ मध्ये चेन्नईला मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने सुरू झाला, पण तिथली परीक्षा आणि परवान्याची चौकट वेगळी आहे, त्यामुळे ते इथे बाजूला ठेवू.

या प्रकरणासाठी महत्त्वाची गोष्ट एकच. अमेरिकेतला पीए सर्वसाधारण वैद्यकासाठी प्रमाणित होतो. आज त्वचारोगाच्या क्लिनिकमध्ये असलेला पीए उद्या इमर्जन्सीत नोकरी धरू शकतो. त्यासाठी त्याला नव्याने रेसिडेन्सी, म्हणजे त्या विषयाचं हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण, करावी लागत नाही. डॉक्टरांना हे जमत नाही. नर्स प्रॅक्टिशनरचं (रुग्ण तपासून औषधं लिहिणाऱ्या उच्चशिक्षित नर्सचं) प्रमाणपत्रही सुरुवातीपासून एका ठरावीक रुग्णगटापुरतं असतं आणि त्यांच्यातले बहुतेक जण परीक्षा न देता कामाचे तास आणि शिक्षणाचे तास दाखवून ते पुढे चालू ठेवतात. पीएला मात्र ही मोकळीक टिकवायची तर ठरावीक वर्षांनी पुन्हा सगळ्या विषयांना सामोरं जावं लागतं. प्रमाणपत्र देणारी संस्था एनसीसीपीए. नावापुढे 'पीए-सी' लिहितात, त्यातला 'सी' ती देते. हा 'सी' गेला तर काही राज्यांत परवान्याचं नूतनीकरण अडतं, आणि हॉस्पिटलची क्रेडेन्शियलिंग कमिटी, म्हणजे पात्रता तपासणारी समिती, तर हमखास विचारते.

२४० प्रश्नांची फोड

पॅनरीत २४० प्रश्न. साठ-साठचे चार भाग, प्रत्येक भागाला एक तास. एकदा भाग बंद केला की त्यात परत जाता येत नाही. त्या वर्षांत प्रत्येक उमेदवाराच्या पेपरातले साधारण ६० टक्के प्रश्न सर्वसाधारण असायचे आणि ४० टक्के त्याने निवडलेल्या क्षेत्रातले. म्हणजे १४४ आणि ९६.

तिच्या डोक्यात हे ९६ घर करून बसले होते. मी म्हटलं, आधी १४४ कडे बघ. एनसीसीपीएने तेव्हा विषयवार टक्केवारी जाहीर केलेली होती: हृदय आणि रक्तवाहिन्या १६, फुप्फुसं १२, पचनसंस्था १०, हाडं-सांधे-स्नायू १०, डोळे-कान-नाक-घसा ९, प्रजनन ८, मग अंतःस्रावी ग्रंथी, मेंदू-मज्जासंस्था, मानसिक आजार आणि मूत्र-जननसंस्था प्रत्येकी ६, त्वचा ५, रक्त ३, संसर्ग ३. ही टक्केवारी सर्वसाधारण भागाला लावली की हाडांचे प्रश्न येतात चौदा. हृदय आणि फुप्फुसं मिळून चाळीस. प्रजनन अकरा-बारा, मानसिक आजार आठ-नऊ, त्वचा सात.

चौदा! जी बाई दिवसभर हाडं बघते, तिच्या हक्काचे प्रश्न १४४ मध्ये चौदा. तेही गुडघ्याचं इम्प्लांट कोणत्या मापाचं घ्यावं असले नव्हेत. लहान मुलाचं लंगडणं, पाठदुखीतली धोक्याची लक्षणं, गाऊट आणि सूडोगाऊट यांतला फरक, अशा धर्तीचे. तिच्या रोजच्या कामातलं बरंचसं, म्हणजे सांधा उघडून धरणं, रीमिंग, सिमेंट मिसळण्याची वेळ साधणं, थरांत टाके घेणं, हे चार पर्यायांच्या प्रश्नात बसतच नाही. तिला वाटत होतं की सर्जरीचा पेपर तिच्या या कौशल्याला मार्क देईल. तो देणार नव्हता.

उरले ९६. 'सर्जरी' म्हणजे ऑर्थो, असं त्या आराखड्यात कुठेच म्हटलेलं नव्हतं. ती सर्जरी सगळ्या शरीराची: पित्ताशय, अपेंडिक्स, हर्निया, आतड्याचा अडथळा, स्तनातली गाठ, थायरॉइडची गाठ, पोटातल्या महाधमनीचा फुगवटा, भाजलेल्या रुग्णाला द्यायचं सलाइन. पीए-स्कूलमधल्या सर्जरीच्या रोटेशननंतर तिने स्तनातली गाठ तपासलेली नव्हती. पण हे असं हवेत सांगून पटत नाही, म्हणून तिच्यासमोर एकच रुग्ण ठेवला आणि तिन्ही पेपरांतून त्याच रुग्णावर प्रश्न काढले.

एक आजी, तीन पेपर

बहात्तर वर्षांच्या आजी बाथरूममध्ये घसरून पडल्या. डावा खुबा मोडलाय. एट्रियल फिब्रिलेशनसाठी (हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी) रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू आहे, मधुमेह आहे, क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या कामाचा आकडा, थोडं चढलेलं. हा रुग्ण तिला अगदी ओळखीचा. असे महिन्याला कितीतरी येतात.

ॲडल्ट मेडिसिनचा प्रश्न असा असेल: आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा) २.८ आहे, ऑपरेशन उद्या करायचंय, आज रात्री काय द्याल? व्हिटॅमिन के. ती क्षणभरही थांबली नाही. पुढचा: ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी आजींना एकदम धाप लागली, नाडी १२०, ऑक्सिजन ८८, छाती ऐकायला स्वच्छ. संशय कशाचा? फुप्फुसात गुठळी. तपासणी कोणती? "सीटी अँजिओ." मग क्रिएटिनिन २.१ झालंय असं सांगितलं. "अच्छा, मग कॉन्ट्रास्ट नको. व्ही-क्यू स्कॅन." हेही बरोबर, आणि मुख्य म्हणजे आठवावं न लागता आलं.

सर्जरीचा प्रश्न: दुसऱ्या दिवशी आजींचं पोट फुगलंय, गॅस सुटत नाही, दाबल्यावर फारसं दुखत नाही, एक्स-रेत लहान आणि मोठ्या दोन्ही आतड्यांत हवा. इलियस, म्हणजे आतड्यांची हालचाल थंडावलेली. पोटॅशियम बघा, अफूवर्गीय वेदनाशामकं कमी करा, त्यांना चालवा. हेही तिला आलं, कारण वॉर्डात ती ते करते. मग मी आजींना बाजूला सारलं आणि शेजारच्या कॉटवरचा रुग्ण घेतला: चाळिशीतली बाई, उजव्या बरगडीखाली दुखतंय, ताप, डोळे पिवळे. कोलँजायटिस (पित्तनलिकेचा संसर्ग) आहे हे तिने ओळखलं, पण त्यानंतरची पायरी कोणती, ईआरसीपी (दुर्बिणीतून पित्तनलिका मोकळी करणं) आधी की पित्ताशय काढणं आधी, इथे गाडी अडली. तिसऱ्या कॉटवर थायरॉइडची गाठ होती. तिथे तिने सरळ हात टेकले.

प्रायमरी केअरचा प्रश्न: सहा आठवड्यांनी आजी क्लिनिकमध्ये आल्या आहेत, जखम भरली आहे. काय राहून गेलंय? उभ्या उंचीवरून पडून खुबा मोडला, म्हणजे डेक्साचा (हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा) आकडा काहीही असो, ऑस्टिओपोरोसिस धरायचाच आणि त्यावर औषध सुरू करायचं. हे तिला माहीत होतं. (सगळ्या ऑर्थोवाल्यांना माहीत असतं, आणि तरी कितीतरी आजी फक्त इम्प्लांट घेऊन घरी जातात. तो वेगळा विषय.) पण प्रायमरी केअर आजींपाशी थांबत नाही. सोबत पन्नाशीची लेक आली आहे, तिला कोणती तपासणी सुचवाल? तेव्हाच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची. तिच्या कडेवर एक वर्षाचा नातू आहे, त्याला आज कोणत्या लसी? इथे ती हसायलाच लागली. "दादा, माझ्या स्वतःच्या मुलाच्या लसी मी पेडियाट्रिशियनला विचारून घेते."

हा खेळ तासभर चालला असेल. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे ॲडल्ट मेडिसिन?" मी लगेच हो म्हटलं नाही. एका आजींवरून पेपर ठरवू नये.

वहीतले दोन आठवडे

तिला सांगितलं की पुढचे दोन आठवडे वहीत टिपून ठेव, मात्र रुग्ण मोजू नकोस, निर्णय मोज. जिथे सर्जनला न विचारता तू स्वतः काहीतरी ठरवलंस, किंवा विचारलंस पण उत्तर तुझ्याकडे तयार होतं, ती प्रत्येक गोष्ट एका ओळीत लिही.

ती यादी वाचायला मजा आली. त्यातल्या काही ओळी साधारण अशा:

ऑपरेशनच्या सकाळी मेटफॉर्मिन आणि लिसिनोप्रिल थांबवलं. रात्री साखर ३१०, इन्सुलिन वाढवलं. आजोबा रात्री भलतंच बरळायला लागले, आधी लघवी अडलीय का बघितलं, मग औषधांची यादी तपासली. सोडियम १२६, पाणी बंद करायचं की सलाइन द्यायचं. छातीत दुखतंय म्हणून ईसीजी, ट्रोपोनिन. गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन की एनोक्सापेरिन, वजन आणि किडनी बघून. हिमोग्लोबिन ७.४, रक्त द्यायचं का.

दोन आठवड्यांच्या यादीत ओटीतल्या कामाचे निर्णय फार थोडे होते, आणि पोटाच्या सर्जरीचे तर नावालाही नव्हते. बहुतेक सगळं साठीपुढच्या माणसांच्या हृदयाचं, साखरेचं, किडनीचं आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांचं. बिल्ल्यावर 'ऑर्थोपेडिक सर्जरी' लिहिलेलं असलं तरी वॉर्डात ती मोठ्यांचं वैद्यकच करत होती. सर्जन सांधा बसवून पुढच्या केसकडे जातो. सांध्याभोवतीचा म्हातारा माणूस मात्र पीएच्या वाट्याला येतो.

विरुद्ध बाजूही होती, ती आम्ही नीट पाहिली. ॲडल्ट मेडिसिनच्या ९६ मध्ये ल्यूपस, अंतःस्रावी ग्रंथींचे आडवाटेचे आजार, रक्ताचे विकार, जुनाट हेपटायटिस हेही येणार, आणि ते तिच्या यादीत कुठेच नव्हते. मग सर्जरीपेक्षा हे सोपं कसं? उत्तर अभ्यासाच्या हिशेबात होतं. हे सगळं तिला १४४ प्रश्नांसाठी वाचावंच लागणार होतं. एकदा वाचलेलं दोन्ही भागांना उपयोगी पडणार. सर्जरी घेतली असती, तर १४४ साठी मेडिसिन वाचायचं आणि ९६ साठी शेजारच्या कॉटचं पोट वेगळं वाचायचं, असे दोन अभ्यास झाले असते. आणि नोकरी सांभाळून, घरी लहान मूल असताना, अभ्यासाला रात्रीचे दीड-दोन तास मिळत होते.

या हिशेबाने प्रायमरी केअर आणखी फायद्याचा दिसतो, कारण तो १४४ शी सर्वांत जास्त जुळतो. बाजारातली बहुतेक रिव्ह्यू पुस्तकंही त्याच साच्याची. कित्येक जण तेवढ्यासाठी तो घ्यायचे, आणि ज्याची बालरोग-प्रसूतीशी ओळख टिकलेली आहे त्याने तो जरूर घ्यावा, असंच माझं मत होतं. पण लहान मुलं, गर्भारपण आणि लसी हीच हिची सर्वांत कच्ची जागा. ॲडल्ट मेडिसिन घेतलं की हे विषय १४४ पुरते मर्यादित राहतात, ९६ मध्ये पुन्हा भेटत नाहीत. कच्चा भाग एकदाच भोगायचा.

आणखी एक शंका तिने शेवटच्या क्षणी काढली: उद्या दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये अर्ज केला आणि त्यांनी पाहिलं की ऑर्थोतल्या बाईने ॲडल्ट मेडिसिनचा पेपर दिलाय, तर? यात काळजीसारखं काही नव्हतं. पेपर कोणताही दिला तरी मिळणारं प्रमाणपत्र एकच, पीए-सी. सर्जरीचा पेपर दिल्याने कोणी सर्जरीतला तज्ज्ञ ठरत नव्हता.

तज्ज्ञतेची मोहोर हवी तर तिचा रस्ता वेगळा होता आणि आजही आहे: सीएक्यू, म्हणजे अतिरिक्त पात्रतेचं प्रमाणपत्र. एनसीसीपीएने ते २०११ मध्ये पाच क्षेत्रांत सुरू केलं. हृदय-छातीची सर्जरी, इमर्जन्सी, नेफ्रॉलॉजी, ऑर्थोपेडिक सर्जरी आणि मानसोपचार. पुढे क्षेत्रं वाढली. त्यासाठी त्या विषयातला कामाचा अनुभव, त्या विषयातले १५० कॅटेगरी-१ शिक्षणतास, सोबत काम करणाऱ्या डॉक्टरची किंवा वरिष्ठ पीएची साक्ष आणि १२० प्रश्नांची वेगळी परीक्षा लागते. हे पॅनरीच्या बदल्यात चालत नाही, वरून असतं. सर्जरीची पॅनरी आणि ऑर्थोचं सीएक्यू यांची गल्लत मी इतक्या जणांकडून ऐकली आहे की पेपर निवडण्याआधीच हा खुलासा करायची मला सवय लागली. हिच्याही 'मी सर्जरीतच आहे की' मागे तीच गल्लत होती. तिला ओळख हवी होती, आणि पॅनरीच्या पेपरातून ती मिळत नव्हती.

परीक्षा

अर्ज भरला, ३५० डॉलर गेले, ॲडल्ट मेडिसिनवर खूण झाली. तेव्हाच्या सहा वर्षांच्या चक्रात पाचव्या आणि सहाव्या वर्षी परीक्षा देता यायची. हिने पाचवं वर्ष बाळंतपण आणि कामाच्या रगाड्यात सोडून दिलं होतं, म्हणून उशीर नको, उन्हाळ्यातच देऊन टाक असं ठरलं. नापास झालीच तर वर्ष संपण्याआधी आणखी एक संधी हातात राहावी. तशी भीती बाळगण्याचं कारण नव्हतं. पॅनरी पहिल्याच खेपेत पास होणाऱ्यांचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर असतं. पण नोकरी ज्यावर अवलंबून आहे ती परीक्षा देणाऱ्याला टक्केवारी सांगून उपयोग नसतो.

अभ्यासाचा क्रम आम्ही वजनानुसार लावला: आधी हृदय, मग फुप्फुसं, मग पोट. हाडं शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी. सगळ्यात जास्त वाद झाला तो प्रजननावर. ती म्हणत होती सोडून देते, अकरा-बाराच तर प्रश्न आहेत. पण गर्भाशयाबाहेरची गर्भधारणा, प्रीएक्लॅम्पसिया, तिसऱ्या तिमाहीतला रक्तस्राव आणि गर्भनिरोधकं एवढ्या चार विषयांत त्यातले निम्मे तरी सुटतात, आणि हे चार विषय दोन रात्रींचे आहेत. हाडांवरची एक रात्र वाचवून ती इथे लावली. ज्यात आपण पक्के आहोत तेच पुन्हा वाचत बसण्यात फार सुख असतं, आणि ओटीतली माणसं या सुखाला हमखास भुलतात.

परीक्षा पीअर्सन व्ह्यूच्या केंद्रात. घड्याळ, फोन, जॅकेट सगळं लॉकरमध्ये, खिसे उलटे करून दाखवायचे, मग एका खोलीत कुणी रिअल इस्टेटची, कुणी नर्सिंगची परीक्षा देतंय अशांच्या रांगेत आपली खुर्ची. कोणते प्रश्न आले हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, तशी सहीच करून द्यावी लागते. एवढंच म्हणाली की पहिल्या भागात दहा मिनिटं उरली, तिसऱ्यात एकही नाही, आणि कुठला प्रश्न १४४ मधला आणि कुठला ९६ मधला हे बसल्या जागी कळत नाही, सगळं मिसळलेलं असतं.

ती पास झाली. अहवालात तिचे हाडांचे गुण सर्वांत वर होते हे सांगायला नकोच, पण हृदयाचे जवळजवळ त्याच्या बरोबरीने होते. सर्जरी घेतली असती तर नापास झाली असती असं मी म्हणणार नाही. बहुधा तरीही पास झाली असती, जास्त रात्री घालवून.

तिच्याच हॉस्पिटलमधल्या ट्रॉमा सर्जरीच्या एका पीएने त्याच वर्षी सर्जरीचा पेपर घेतला आणि ते अगदी योग्य होतं. रोज फुटलेली प्लीहा आणि अडकलेली हर्निया बघणाऱ्याने दुसरं काही घ्यायचं कारणच नव्हतं. उलट अर्जंट केअरमधला एक जण 'माझ्याकडे मोठी माणसंच जास्त येतात' म्हणून ॲडल्ट मेडिसिन घ्यायला निघाला होता. त्याची दोन आठवड्यांची यादी कानदुखी, पुरळ आणि तापलेल्या पोरांनी भरलेली निघाली. त्याला प्रायमरी केअर.

पुढे काय झालं

हे तिन्ही पेपर टिकले नाहीत. २०१५ च्या अखेरीस एनसीसीपीएने उलट दिशेने मोठी उडी मारायचा प्रस्ताव आणला: मूलभूत ज्ञानाची चाचणी घरबसल्या टप्प्याटप्प्याने, आणि चक्राच्या शेवटी आपापल्या विषयाची केंद्रावर बसून परीक्षा. म्हणजे ऑर्थोवाल्याला खरंच ऑर्थोचा पेपर. ऐकायला छान वाटतं. पीएंची राष्ट्रीय संघटना एएपीएने त्याला कडाडून विरोध केला आणि मला तो विरोध पटला होता. ज्याने प्रमाणपत्रासाठी ऑर्थोची परीक्षा दिली, त्याला पाच वर्षांनी कार्डिऑलॉजीत घेताना हॉस्पिटलं बिचकणार, आणि विभाग बदलायची जी मोकळीक हा या पेशाचा कणा आहे ती हळूहळू जाणार. शिवाय छोट्या गावातला पीए, जो सकाळी प्लास्टर घालतो आणि दुपारी रक्तदाब बघतो, त्याने कोणता विषय निवडायचा? प्रस्ताव मागे घेतला गेला. २०१९ मध्ये पॅनरीचा आराखडाच बदलला. आता सगळ्यांना एकच मूलभूत पेपर, पण प्रत्येक आजारापुढे खोलीची पातळी लिहिलेली. काही आजार फक्त ओळखता आले म्हणजे पुरे, काहींचे पहिल्या फळीचे उपचार यायला हवेत, आणि थोड्यांचं मात्र गुंतागुंतीसकट सगळं. वीस वर्षं न्यूरोसर्जरीत घालवलेल्याला बाळाच्या वाढीचा तक्ता पाठ करायला लावू नये, ही जुनी तक्रार यातून बरीच मिटली. माझ्या मते तीन पेपरांपेक्षा हे शहाणपणाचं झालं.

मधल्या काळात चक्रही सहावरून दहा वर्षांचं झालं होतं. २०१५ ला पास झालेल्या आपल्या पीएची मुदत त्यामुळे २०२५ अखेरपर्यंत गेली, आणि २०२३ मध्ये तिच्यापुढे पुन्हा एक निवड आली: केंद्रावर जाऊन एका दिवसाची पॅनरी, की नव्याने सुरू झालेली पॅनरी-एलए. दुसरीत दर तिमाहीला २५ प्रश्न, घरून, पुस्तक उघडून चालतं, प्रत्येक प्रश्नाला पाच मिनिटं, आणि उत्तर दिल्याबरोबर चूक की बरोबर आणि का, ते कळतं. जास्तीत जास्त बारा तिमाह्या, त्यांतल्या सर्वोत्तम आठ धरतात. विषयाची निवड इथेही नाही.

या वेळी तिने मला विचारलं नाही, नुसतं कळवलं. एलए घेतलं होतं. तिमाहीचे पंचवीस प्रश्न ती एका बैठकीत सोडवायची नाही. ऑन-कॉलच्या रात्री दोन-दोन, तीन-तीन करत संपवायची. पहिल्याच तिमाहीत बाळाच्या लसींचा प्रश्न आला आणि या खेपेला उत्तर शोधायला परवानगी होती, असं तिने मेसेजमध्ये लिहिलं. ऑर्थोच्या सीएक्यूसाठी लागणारे तास आणि अनुभव तिच्याकडे केव्हाच जमले आहेत. अर्ज मात्र अजून भरलेला नाही, कारण तिच्या ग्रुपमध्ये त्याने पगारात एका डॉलरचाही फरक पडत नाही.